डबे वाजवायची काडी

बाई,

आज सकाळी मी एका मुलीला तिची सगळी पाकिटं फाडून खड्ड्यात ओतायला लावली. त्यावर तिनं मला जे विचारलं, तेच मी एकदा तुम्हाला विचारलं होतं. म्हणून लिहायला बसले. एरवी गेलेल्या माणसांना पत्रं लिहिण्याचा माझा स्वभाव नाही, आणि तुम्हालाही ते आवडलं नसतं. काम पडलेलं असताना कागद काळे करणाऱ्यांचा तुम्हाला राग होता.

मुलगी माझ्या शेजारची. तिचे आईवडील दरवर्षी ऊस तोडायला जातात ते उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. ही आजीपाशी राहून शिकली, अन्नप्रक्रियेची पदवी घेतली, आणि आता मांजरसुंब्याच्या फाट्याजवळ पत्र्याच्या शेडमध्ये तुरीच्या डाळीची आमटी पाकिटात भरते. दिवसभर उसाच्या फडात वाकून आलेल्या आईला पाचटाच्या कोपीत शिरल्या शिरल्या चूल फुंकावी लागू नये, एवढी एकच गोष्ट तिच्या डोक्यात आहे. परवा ऊसतोड टोळीचा ट्रक निघणार. त्यात आईच्या पिठाच्या डब्याशेजारी आपली पाकिटं जायची, असं तिनं आईला कबूल केलं होतं. मी आयुष्यभर हाच विषय शिकवला, म्हणून अधूनमधून ती मला शेडवर नेते.

बाई, पत्र्याचे डबे आता मागे पडले. त्यांच्या जागी ही पिशवी आली आहे. आतून-बाहेरून प्लास्टिक आणि मधे ॲल्युमिनियमचा कागदासारखा थर, म्हणजे उजेड नाही, हवा नाही. आमटी भरायची, तोंड गरम पट्टीनं चिकटवायचं आणि पिशवीसकट दाबाच्या वाफेत शिजवायची. मग फ्रिज लागत नाही. खाताना उकळत्या पाण्यात टाकली की झालं. चपटी असल्यामुळे उष्णता आतपर्यंत लवकर पोचते आणि डाळीचा पार चिखल होत नाही. तुम्ही ती उजेडाकडे धरून बघितली असती, चिकटवलेल्या कडेवरून नख फिरवलं असतं आणि पहिला प्रश्न केला असता, "हे वाजवायचं कसं?"

वाजत नाही, बाई. म्हणून आम्ही काही पाकिटं उबदार कपाटात ठेवून फुगतात का याची वाट बघतो. आज सकाळी कपाट उघडलं तर त्यातली काही फुगली होती. मुलीचा चेहरा उतरला, पण ती लगेच सावरली. "फुगलेली काढून टाकू, मावशी. बाकीची चांगली हायेत की." मी चांगली दिसणारी पाकिटं हातात घेतली. चिकटवलेल्या पट्टीत आमटीचे पिवळे ओघळ होते. कुठं बारीक, कुठं ठळक. कडेला ओघळ असला की ती कड धड चिकटत नाही, आणि शिजल्यानंतरही त्या फटीतून घाण आत शिरते. शिवाय पाकीट गच्च असलं की वाफेची ऊब मधोमध पोचत नाही. मी विचारलं, भरलं कुणी? तिची आई पदराला हात पुसत हसली. "मीच की, ताई. माप दिलं हुतं पोरीनं, पण पळीभर जास्तीच टाकली. फडावर जाणाऱ्या माणसाला मोजून वाढायचं का? माजा हात धजत न्हाई."

मुलीनं आईकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी म्हणाले, सगळी. ती म्हणाली, "परवा ट्रक हाय, मावशी." मी म्हणाले, माहीत आहे. तेव्हा ती म्हणाली, "तुमाला काळीज हाय का न्हाई?"

आणि मी एकदम बीडच्या त्या केंद्रात उभी होते. लोक आपापली फळं घेऊन येतात आणि आपण ती डब्यात भरून देतो, असं ते सरकारी केंद्र. मी नुकती कॉलेजातून तुमच्या हाताखाली आलेली, तोंडात सगळी तापमानं पाठ. तलवाड्याचे एक दादा जीपभर आंबे घेऊन आले आहेत. मोठे बागायतदार, गावात त्यांच्या शब्दाबाहेर कुणी नाही. लेक पहिलटकरीण, लांब सासरी, तिला आमरसाचे डोहाळे. मी आत रस गाळते आहे आणि बाहेरून तुमचा दोघांचा आवाज येतो आहे.

"बाई, डबा भरा की. अर्धं बोट रिकामं कावून? व्याही म्हणंल, बापानं हात आखडला."

"रिकामं न्हाई ते, दादा. वाफेची जागा हाय."

"वाफ काय जावई खातो का?"

तुम्ही हसलात, पण अर्धं बोट सोडलं नाहीत. मग तुम्ही बॉयलर बघायला गेलात आणि दादांनी आपल्या गड्याला डोळा घातला, "भर बे, भर. बाईला मी बघतो." झाकणं लागून गेली. दुसऱ्या दिवशी तुम्ही काडी घेऊन रांगेतून निघालात. वीतभर लोखंडी काडी, टोकाला गोळी, मुठीला तुमच्या जुन्या लुगड्याचा काठ गुंडाळलेला. चांगला डबा टण्ण वाजायचा, बिघडलेला भद्द. त्या दिवशी अख्खी रांग भद्द वाजली. तुम्ही मला जवळ बोलावून सांगितलंत, "काठोकाठ भरला की डबा खोटं बोलतो. चांगला असू दे, वाईट असू दे, सगळे भद्द. आता यातला कोणता कसा हाय, मी कुणाला इचारू?" आणि सगळे फोडायला लावलेत. दादा टोपी मांडीवर घेऊन कट्ट्यावर बसले होते. इतका मोठा माणूस, पण रस मातीत जाताना बघून त्यांनी टोपीत तोंड लपवलं. मला ते बघवेना. मी सगळ्यांसमोर तुम्हाला विचारलं, "बाई, तुम्हाला काळीज आहे की नाही?"

तुम्ही फोडलेला डबा खाली ठेवलात. "हाय की. घरी ठिवून येते. हितं कान लागतो."

दुपारी मी रुसून बसले होते, तर तुम्ही अर्धी भाकरी मोडून माझ्यापुढे सरकवलीत आणि ठेचा सगळा मलाच दिलात. मग तीच काडी हळूच माझ्या डोक्यावर वाजवून म्हणालात, "हितं जागा हाय अजून. बरं हाय." दादा आठवड्यानं परत आले, उरलेले आंबे घेऊन. गड्याला दम भरत होते, "अर्धं बोट सोड बे, न्हाई तर बाई आपल्यालाच खड्ड्यात घालतील." त्या हंगामाच्या शेवटी तुम्ही काडी माझ्या हातात दिलीत. भाषण नाही, आशीर्वाद नाही. "उद्यापासून तू वाजव. मला इचारू नको." तुमच्या घरचा तांब्या, बाजारातलं मडकं, माझ्या जेवणाच्या डब्याचं झाकण, सगळं ठोकून बघणारी बाई दुसऱ्या दिवशी हात मागे बांधून माझ्यामागून चालत होती, आणि एकदाही बोलली नाही. ते तुम्हाला किती जड गेलं असेल, हे मला मी स्वतः शिकवायला लागल्यावर कळलं.

मुलीला मी तुमचं वाक्य सांगितलं नाही. दुसऱ्याचं वाक्य वापरून आपली सुटका करून घेणं मला पटत नाही. मी नुसती खड्ड्याशी उभी राहिले. तिनं पाकिटं फाडली, तिच्या आईनं माती लोटली. ती दाराला कुलूप लावून घरी गेली आणि मला वाटलं, आता हे शेड बंद होणार.

मघाशी दोघी माझ्या घरी आल्या. आईच बोलली. "ताई, माप तुमचंच. पन मग मानसाला दोन पाकिटं. एक गच्च भरण्यापरीस दोन देते, म्हंजी माजा हात बी आखडत न्हाई." मुलगी म्हणाली, "आई, नवीन माल उबेला ठेवून बघावा लागतो. ट्रक थांबणार न्हाई." आई म्हणाली, "नको थांबू दे. इतकी वर्सं चूल पेटवली, आजून थोडे दिस पेटवीन. तू घिऊन ये फडावर. मुकादमाला बी चाखू दे." मुलीनं डोळे पुसले आणि मला विचारलं, "भरताना तुमी उभ्या राहताल का?" मी नाही म्हटलं, आणि कपाटातल्या खोक्यातून तुमची काडी काढली.

"पाकीट वाजतं का, मावशी?"

"नाही."

"मग मी काय करू हिचं?"

"आई जास्तीची पळी उचलेल तेव्हा टेबलावर वाजव."

तिची आई इतकी हसली की तिला उचकी लागली. "घ्या! माज्यावरच मास्तरीण बशिवली."

हे पत्र कुठं धाडायचं नाहीच. काडीचं खोकं रिकामं झालं आहे, त्यात घडी घालून ठेवीन. पण एक गोष्ट मी कुणालाच सांगितलेली नाही, ती तुम्हाला सांगते. देण्याआधी मी घरातल्या रसगुल्ल्यांच्या बंद डब्यावर काडी वाजवली. मला काही ऐकू आलं नाही. माणसांचं बोलणं येतं, पण हा नाद गेल्या काही वर्षांपासून येत नाही. मी कडक आवाजात मुलीला विचारलं, "सांग, कसा वाजला?" ती म्हणाली, "टण्ण, मावशी." मी परीक्षा घेतल्यासारखी मान हलवली.

दिलं: डबे वाजवायची लोखंडी काडी, एक. मुठीला लुगड्याचा काठ, तुमचाच, बदललेला नाही. घेतलं: मुलीनं, तिच्या आईसमोर, उजव्या हातानं.