नळ चालू होता

४ जानेवारी

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

चिमीला घरी आणलं. ऑपरेशननंतर तिला नाकातोंडाने श्वास पुरेना, म्हणून गळ्याला भोक पाडून नळी बसवलीय. ती वर्ष-दोन वर्षं राहणार. श्वास नळीतूनच जातो, त्यामुळे आवाज फुटत नाही. बडबडीने डोकं उठवणारी पोरगी, आता रडते तेव्हा नुसता चेहरा रडतो. पायात घुंगरू बांधलंय, तोच तिचा आवाज.

तू ये. कफ अडकला तर मशीनने ओढायचा, गळ्याच्या पट्ट्यात जेमतेम एक बोट मावलं पाहिजे, जादा नळी कायम उशाशी, सगळं शिकवीन. मी शिकले म्हणजे कोणीही शिकेल, माझी अक्कल तुला ठाऊकच आहे. ह्यांची रजा संपली. मला एकदाच दार लावून सावकाश अंघोळ करायचीय गं, दुसरी हौस उरली नाही.

लोभ आहेच, आता पायही उचल.

तुझी,
धाकटी

२० फेब्रुवारी

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

घरी परत पोचले. जावईबापूंनी पिशवी गाडीत ठेवली आणि गाडी सुटायच्या आतच वळले. त्यांचं काही चुकलं नाही.

तू सांगितलंस ते सगळं मी करत होते. पट्ट्यात बोट घालून नुकतंच बघितलं होतं. तेवढ्यात तिचा आवाज आला. इतक्या महिन्यांनी! मला वेडीला वाटलं, देव पावला. आवाज आला म्हणजे नळी जागची सरकलीय, हे दवाखान्यातल्या सिस्टर मागाहून म्हणाल्या. आधी ना तुला कोणी सांगितलं, ना मला. मी हसत बसले आणि तिचे ओठ निळे पडले. तू ओल्या अंगाने धावत येऊन दुसरी नळी घातलीस. मी नुसती खांबासारखी उभी.

जमलं तर माया ठेव.

आई

११ मार्च

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

चिमी डोळे उघडते, पण बघत नाही. घुंगरू वाजवलं तरी मान वळवत नाही. श्वास कोंडला तेवढ्यात मेंदूला इजा झाली, आता फारशी आशा धरू नका, असं डॉक्टर म्हणाले. हे ऐकून घेतात आणि कामावर जातात. मी तिच्याशेजारी बसते. दुसरं काय करू?

तुझ्यावर राग नाही. होता, पण तोही आता धरवत नाही. एकच विचारायचंय. तिचा आवाज तू ऐकलास. मी न्हाणीघरात होते, नळ चालू होता. ती नुसती रडली की काही म्हणाली? माझ्या समाधानासाठी खोटं लिहू नकोस.

धाकटी

१९ मार्च

चि. धाकटीस,

तीनदा कागद फाडला. तू विचारलंस म्हणून लिहिते.

“आई” म्हणाली. मी म्हटलं, “आई अंघोळ करतेय, तिला ऐकू गेलं नाही बघ. पुन्हा मार हाक, मोठ्याने.”

तिने मारली गं.

आई