डावखुरीचा कोयता

शनिवार, दिवेलागण

भाताच्या रोपांसाठी राबाची जमीन भाजायला फांद्या तोडायची वेळ आली की माझी सबब ठरलेली: मी डावखुरी, घरातले कोयते मला चालत नाहीत. सगळे रानात गेले की मी शिवणाला बसायचे. या सोमवारी तर नाशिकला शिवणाची परीक्षाच आहे. घरात अजून बोललेच नाही.

आज घोटीच्या बाजारात सासरे म्हणाले, "घे तुझ्या हाताचं हत्यार." करवत जड म्हणून ठेवली, कुऱ्हाडही नको म्हटलं. ते हसले आणि लोहाराकडे घेऊन गेले. तिथे उलट्या अंगाने धार काढलेला कोयता तयार! महिन्यापूर्वीच सांगून ठेवला होता म्हणे. लोहाराने माझ्या डाव्या हाताच्या बेताने मूठ तासली. माझ्यासाठी एवढं कुणी केलंय कधी? रागावू तरी कुणावर?

घरी नवऱ्याने कोयता हातात घेतला आणि लगेच परत दिला. "हा तुझ्याशिवाय कुणाला चालायचा नाय. सोमवारपासून तोडायला लागू."

आता परीक्षेचं सांगितलं, तर ही नवी सबब काढली असंच म्हणतील ना?

मूठ मात्र हातात काय बसते, मेली!