भंडाऱ्याच्या घराची पूर्वेची भिंत

३ ऑक्टोबर २०२४

कपिल माझ्यापासून काहीतरी लपवतोय. काय ते अजून कळलं नाही, पण लपवतोय हे नक्की.

कॅनडात, कपिलकडे बर्नाबीला येऊन दहा दिवस झाले. पोरगा उजाडायच्या आत निघतो. येतो तेव्हा पँटवर तपकिरी, काळे, शेवाळी डाग. नखांत रंग. इथल्या डोंगरावरच्या युनिव्हर्सिटीत चित्रकलेची मोठी पदवी घेतली म्हणून मी अर्ध्या भंडाऱ्याला पेढे वाटले होते. आता काय करतोस विचारलं की ठरलेलं उत्तर — "फिल्ममध्ये आर्टचं काम, बाबा." कसलं आर्ट? घरात एक चित्र नाही! भाड्याचं बेसमेंट, भिंती पांढऱ्याफटक. हलवायाच्या घरी साखर नाही असं कुठे असतं का?

अमृताला विचारून पाहिलं. सून गुणी आहे, पण नवऱ्याविरुद्ध शब्द काढत नाही. "बाबा, त्याचं शेड्यूल खूप हेक्टिक आहे हो. वीकेंडला निवांत बोला ना."

वीकेंडला बघू.

५ ऑक्टोबर

आज कपिलचा मित्र राकेश आला. दोघं एकाच वर्गात होते. हा इंदूरचा, मूर्तिकला शिकलेला. आणि आता करतो काय? घरं विकतो! "अंकल, स्कल्पचर से किराया नहीं निकलता था, तो रिअल्टर का लाइसेंस ले लिया." म्हणजे इकडचा घरांचा दलाल. चकचकीत बूट. मला स्वतःचं कार्डसुद्धा दिलं. त्यांच्या बॅचची एक विजयालक्ष्मी आहे, ती म्हणे लहान मुलांना मातीची भांडी शिकवते. एकजण केकवर नक्षी काढतो. एवढ्या लांब येऊन, एवढं शिकून — केक!

मग दोघं स्वयंपाकघरात कुजबुजत बसले. मी पाणी घ्यायला गेलो तर गप्प. जाता जाता कानावर पडलं — ईस्ट वॉल. टोटल लेंग्थ.

राकेश गेला आणि कपिल माझ्याजवळ येऊन बसला. एरवी बसत नाही.

"बाबा, भंडाऱ्याच्या हॉलची पूर्वेची भिंत किती लांब आहे हो?"

"काहून?"

"असंच."

असंच! असंच कोणी भिंतीचं माप विचारतं का? तेही दलालाची पाठ वळल्यावर! मी म्हटलं, आठवत नाही. पाठ आहे मला. पायापासून स्लॅबपर्यंत त्या घराच्या प्रत्येक घमेल्यापाशी मी उभा होतो.

६ ऑक्टोबर

आत्ता लक्षात आलं. व्हिसाच्या वेळी हाच म्हणाला होता — "घराची कागदं आणा बाबा, प्रॉपर्टी दाखवावी लागते." मी भोळा, घेऊन आलो.

कागदं बॅगेतून काढून उशीच्या खोळीत घातली. मान अवघडली. अवघडू दे.

९ ऑक्टोबर

हट्टच धरला, तुझं काम दाखव. आज शूटिंग नव्हतं, बॉसला विचारून घेऊन गेला. गोदामाएवढा स्टुडिओ. आत एक पडकं घर. पडकं कसलं, प्लायवूडचं, कोरं करकरीत! त्याला पडकं करायचं काम माझ्या मुलाकडे. स्पंज, फवाऱ्याची बाटली, पातळ रंग. माझ्यादेखत त्याने एका चांगल्या भिंतीला ओल आणली.

मी अख्खी नोकरी बांधकाम खात्यात ओल घालवण्यात काढली. शाळा, दवाखाने, तहसील — कुठेही भिंत पाझरली की यादवरावांना बोलवा. आणि माझं पोरगं ओल लावायचा पगार घेतं! "जुनं दिसायला पाहिजे ना स्क्रीनवर," म्हणतो. शूटिंग संपलं की पाडून टाकतात म्हणे. शासनाचे ठेकेदार बरे. त्यांची भिंत निदान पहिल्या पावसापर्यंत टिकते.

खरं लिहायचं तर काम हुबेहूब होतं. जमिनीतून वर चढलेली ओल, कड वेडीवाकडी, कडेला पांढरा खार फुटलेला. मी बोट लावून पाहिलं — कोरडं! मनात म्हटलं, शाबास. तोंडाने म्हटलं, "यासाठी एवढं शिकलास?"

तो हसला. पण ते हसणं काही खरं नव्हतं.

१३ ऑक्टोबर

धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम. इथल्या आपल्या लोकांच्या असोसिएशनने हॉल घेतला होता. वंदना झाली, भाषणं झाली, जेवण झालं. सगळी पोरं आयटीत, बँकेत, हॉस्पिटलात. बोलतात आपली मराठी, पण मध्येच सगळं वाक्य इंग्रजी. एकाने विचारलं, "काका, कपिल आर्टिस्ट आहे ना? हाऊ कूल! त्याचा शो कधी आहे?" मी म्हटलं, लवकरच. का म्हटलं कोण जाणे. ओल काढतो असं कसं सांगणार?

परतताना गाडीत कपिल म्हणाला, "तुम्हाला शोचं कोणी सांगितलं?"

म्हणजे शो आहे! बापाला सोडून सगळ्यांना ठाऊक. विचारलं तर म्हणे, "अजून नक्की नाही." मंगळवारी, गुरुवारी संध्याकाळी राकेशच्या गॅरेजमध्ये जातो, उशिरा येतो. दलालाच्या गॅरेजमध्ये कसला शो? कुठेतरी पाणी मुरतंय.

१७ ऑक्टोबर

सापडलं!

भंडाऱ्याहून प्रभाताईंचा फोन. शेजारच्या, घराची किल्ली त्यांच्याकडे असते. "जयभीम भाऊजी. घर विकून राहिले का जी तुम्ही?" मी उडालोच. म्हणे कपिलने घराचा व्हिडिओ मागवला. हॉलचा. भिंत जवळून घ्या, काकू, उजेडात घ्या, टेपने मोजूनही सांगा. "मी पाठवला. मग तोच म्हणतो, अरे, ही तर रंगवलेली दिसते. नाराज झाल्यासारखा वाटला जी."

नाराज! घर मोडकळीला आलंय असं दाखवून मला विकायला भाग पाडायचं असेल. नाहीतर रंगवलेल्या घरावर नाराज कोण होतं? गंगूला जाऊन वर्ष झालं, त्या पुण्यानुमोदनाला मी स्वतः उभं राहून ते घर आतून-बाहेरून रंगवून घेतलं. आईचं शेवटचं दर्शन याला झालं नाही. पीआरची, म्हणजे इथे कायम राहायच्या परवान्याची फाइल अडकली होती, बाहेर गेलो तर परत येता येणार नाही म्हणाला. फोनवर रडला तेवढाच. तेव्हापासून घरात पाऊल नाही. आणि आता विकायला निघाला!

मी जिवंत आहे तोवर त्या घराला कोणी हात लावून दाखवावा. गंगूने स्वतःच्या हाताने पाणी मारलंय त्या भिंतींना.

१८ ऑक्टोबर

तोंडावर विचारायचं ठरवलं. विचारलं नाही. तो हो म्हणाला तर?

२६ ऑक्टोबर

आज आपणहून म्हणाला, "बाबा, पुढच्या शनिवारी आमच्या जुन्या विद्यार्थ्यांचं प्रदर्शन आहे, युनिव्हर्सिटीच्या गॅलरीत. माझं पण एक काम आहे. तुम्ही यायचंच." अमृताने माझा कोट ड्राय-क्लीनला दिला. एकदम एवढं प्रेम कशाला? राकेशपण येणार. चार लोकांत, हसत-खेळत, बाबा इथे एक सही करा — असंही करतात. मी कोटात पेनच ठेवणार नाही.

२ नोव्हेंबर

लिहायची इच्छा नाही, पण लिहितो.

गॅलरीत गर्दी. विजयालक्ष्मी दारातच भेटली, तिनेच सगळं जमवलेलं. पाया पडायला वाकली, मी संकोचलो. राकेशने लोखंडाचं झाड केलं होतं. घरं विकून उरलेल्या वेळात, म्हणाला. चांगलं होतं.

आणि शेवटच्या खोलीत — आमचा हॉल.

म्हणजे भिंत. पूर्वेची. पूर्ण मापाची, जमिनीपासून छतापर्यंत, आमचा जुना फिका हिरवा डिस्टेंपर. खिडकीखालची तडा गेलेली रेघ. कॅलेंडरचा खिळा. मी दारातच थांबलो. माप यासाठी विचारलं होतं! व्हिडिओ यासाठी! घर विकायचं नव्हतंच. छातीवरचा दगड उतरला. लोकांसमोर डोळे पुसावे लागतात की काय असं झालं. राकेशच्या गॅरेजात एवढी मोठी भिंत उभी केली पोराने! जवळ गेलो, पृष्ठभागावरून हात फिरवला.

आणि दिसलं. भिंतीच्या मधोमध, जमिनीपासून अडीच फुटांवर, काळपट गोल डाग.

ओल! माझ्या घराला ओल!

मी कपिलला तिथेच धरलं. म्हटलं, ही चूक आहे. ओल एकतर जमिनीतून चढते, नाहीतर स्लॅबमधून उतरते, नाहीतर पाइप फुटलेला असतो. त्या भिंतीत पाइप नाही. मधोमध अधांतरी ओल येतच नाही. स्टुडिओत बरोबर काढतोस, मग इथेच बरा चुकलास? खात्याच्या इंजिनीयरचं घर पाझरतं, हे दाखवायचंय का जगाला? आवाज चढला असेल. लोक वळून बघायला लागले.

तो म्हणाला, "बाबा, तुम्हाला खरंच नाही कळलं?"

"कळायचं काय त्यात? व्हिडिओत होता का हा डाग?"

"नव्हता. आठवणीतून काढलाय."

"मग आठवण चुकली तुझी. घर लक्षातच नाही तुझ्या."

पोराचा चेहरा उतरला. अमृता त्याचा हात धरून उभी राहिली. एक गोरी म्हातारी त्या भिंतीसमोर बसकण मारून बसली होती, तिला मराठी कळायचं कारण नाही, तरी माझ्याकडे बघत होती. भिंतीशेजारी पाटी, इंग्रजी अक्षरांत — दुपार. भिंतीचं नाव दुपार! काहीही.



३ नोव्हेंबर

कपिलने जेवायला बाहेर बोलावलं नाही, माझ्या खोलीतच ताट आणून ठेवलं आणि गेला. तिकीट अलीकडचं मिळतं का बघायला अमृताला सांगितलं. "बाबा, प्लीज," एवढंच म्हणाली.

४ नोव्हेंबर

दुपारी अमृता माझ्या पलंगामागची भिंत ओल्या फडक्याने घासत होती. मी बसतो तिथे काळपट गोल डाग पडलाय. म्हणाली, "काही नाही बाबा, केसांचं तेल लागतं टेकून बसलं की. लँडलॉर्ड कटकट करतो ना, म्हणून."

कपिलच्या भिंतीवरची ती ओल नव्हती.

खोबरेल तेल. गंगूचं. रंगवताना रंगाऱ्याने विचारलंही होतं — साहेब, या डागाचं काय करू? मी म्हटलं, पुट्टी लाव.

अमृता खोलीबाहेर गेल्यावर मोठ्याने रडलो.

गंगू दुपारी तिथे बसायची हे मला माहीत नव्हतं. दुपारी मी ऑफिसात असायचो. कपिल शाळेतून घरी आलेला असायचा.