महिनाअखेरीस भात

३ मार्च
ठरलं. महिनाअखेरीस भात खायचा. चांगला वाटीभर. घशाचं रेडिएशन संपून चार महिने झाले, आता लाड पुरे. गिळायला शिकवणाऱ्या थेरपिस्टबाई म्हणाल्या, स्नायू ताठ झालेत; दिवसातून पाच वेळा व्यायाम करा, पाणीसुद्धा पावडर घालून दाट करूनच प्या. मी हो म्हटलं. तीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. मधेच अडकलेलं खाली कसं आणायचं, हे मला कोणी शिकवू नये.

५ मार्च
व्यायाम दोनदा. तिसरा मनातल्या मनात.

९ मार्च
वेटिंगमध्ये एक शिंपी भेटला. त्याला स्नायूंचाच आजार. गिळणं दिवसेंदिवस कमीच होत जाणार. तरी पठ्ठ्या हनुवटी छातीला लावून इमानेइतबारे व्यायाम करतो. बिचारा. त्याला धीर दिला. देता देता मलाच ठसका लागला. त्याने पाठ चोळली. एसी फार होता.

१४ मार्च
पावडरचं पाणी म्हणजे खळ. हिची पाठ वळताच नळाचं साधं पाणी प्यायलो. ग्लासभर. खोकला अजिबात नाही! हिला विजयाने सांगितलं, तर हिने लगेच बाईंना फोन लावला. बाई म्हणाल्या, खोकला न येणं जास्त वाईट, पाणी गुपचूप फुप्फुसात जात असेल. शिकलेल्या लोकांना चांगली बातमी पचत नाही.

१७ मार्च, सकाळी
वजन चार किलो कमी. काटा जुना आहे. अंगात ताप. हवा बदलतेय.

२२ मार्च, हॉस्पिटल
न्यूमोनिया. डॉक्टरांनी पोटात नळी बसवली. विचारलं, तात्पुरतीच ना? म्हणाले, बघू. बघू म्हणजे होच.

३१ मार्च
काल घरी आलो. दुपारी हिने दुधासारखं काहीतरी नळीतून सोडलं. वीस मिनिटांत माझं जेवण आटोपलं. मग ही स्वयंपाकघरात गेली आणि दार लोटून घेतलं. पाणी मागायला म्हणून डोकावलो, तर ओट्याशी उभ्याने जेवत होती, भांड्याचा आवाजही न करता. कधीपासून, विचारलं. म्हणाली, रेडिएशन सुरू झालं तेव्हापासून.
म्हटलं, बाहेर येऊन बस माझ्यासमोर, मला काही वाटत नाही.
ताट घेऊन बसली. घास तोंडात नुसता घोळवत राहिली, गिळेचना. काहीतरी विनोद करावा म्हणून मी तोंड उघडलं, तर लाळच गळली.
तिने आधी माझी हनुवटी पुसली. मग स्वतःचे डोळे.