तीस मण्यांचे बटाटे

ता. ८ जाने. १८९४, सोमवार. परळ.
मडमचं विलायती भांडं आलं. बिडाचं, जड. झाकणाला चार पेच, मधे भोक, भोकावर ठेवायला वजन. वाफ आत कोंडून शिजवायचं. बाबांनी हात लावला नाही. "वीस वर्षं या बंगल्यात रांधतोय. तोफगोळ्यात रांधणार नाही." थोरले काका गिरणीचा बॉयलर फुटून गेले, म्हणून मी उलट बोललो नाही.
मडम अंगणात येऊन सांगून गेली. शनिवारच्या जेवणाला ह्याच भांड्यातल्या बटाट्यांचं सॅलड, बेकन म्हणजे खारवलेलं डुकराचं मांस घालून. न जमल्यास सोमवारपासून दुसरा स्वयंपाकी. म्हणजे आमची राहायची ही मागची खोलीही गेली. बाबा या वयात कुठे जातील?
मी करीन म्हणालो. 

ता. ९, मंगळ.
मडमच्या पुस्तकात अक्षर अक्षर लावून वाचलं: वाफ धरल्यापासून दहा मिनिटं. घड्याळ दिवाणखान्यात, आमची चूल अंगणापलीकडे. मोजायचं कसं?
बाबा म्हणाले, "माळेवर. मण्याला एक नमो मारियाची प्रार्थना, तीस मणी म्हणजे दहा मिनिटं. साहेबाची अंडी मी बारा मण्यांत उकडतो, कधी चुकलीत?"

ता. १०, बुध.
पेच आवळले, तीनदा तपासले. वाफ फुसफुसली तसा भिंतीला पाठ लावून उभा राहिलो, माळ हातात. तीस मणी. उतरवलं, वाफ जाऊ दिली, उघडलं. बटाटे वरून मऊ, आत कच्चे.
पुन्हा लावलं. पुन्हा कच्चे.

ता. ११, गुरु.
बाबा लांबून ऐकत होते. "बस्त्याव, देवाची आई काय पळून चाललीय? निम्मे शब्द गिळतोस."
खरं आहे. भांडं फुसफुसलं की मी भरभर म्हणतो. मग चाळीस मणी धरले, तर लगदा. भीती दर वेळी सारखी नसते, तिचा हिशेब धरता येत नाही.
उद्याचा एकच दिवस. मी सोडणार नाही.

ता. १२, शुक्र.
बाबांना म्हटलं, तुम्ही फक्त माळ म्हणा, भांडं मी बघतो.
"प्रार्थनेवर बटाटे शिजवायचे? पाद्रीबाबांना तूच सांग."
"आणि अंडी?"
बाबा उठले, चिंचेखाली जाऊन बसले, भांड्याकडे पाठ करून. आवाज संथ, दर संध्याकाळी असतो तसाच. तिसाव्या मण्याला मोठ्यानं आमेन. बटाट्यात सुरी सहज गेली आणि फोड मोडली नाही!
बेकन तळलं, त्याच्याच चरबीत कांदा, मग व्हिनेगर, मोहरीची पूड. शुक्रवार, आम्हाला मांसाचा उपास, म्हणून चाखायचं नाही. बाबांनी पातेल्यावर वाकून वास घेतला. "मीठ घालू नको. डुकरात आहे." चिमूट माझ्या हातात होती.

ता. १३, शनि.
बारा पाहुणे, म्हणून भांडं दोनदा लावलं. पहिलं नीट. दुसऱ्या वेळी एका पेचाजवळून वाफ सुटली, केवढा आवाज! मी निखारे मागे ओढले. बाहेर बाबांची माळ थांबली.
"बस्त्याव?"
"आहे, बाबा. सतरा झाले."
 मग अठरावा. पहिल्यासारखाच संथ. 
वाढणारा लक्ष्मण रिकामा वाडगा घेऊन आला. "साहेबानं दोनदा घेतलं. मडम खाल्ली, पण बोलली काय नाय."

ता. १४, रवि.
देवळात मिस्सा करून आलो. मडमचा निरोप: उद्या आठला दोघांनी यावं. बऱ्यासाठी की वाईटासाठी, लक्ष्मणला ठाऊक नाही.
बाबा बराच वेळ भांड्याकडे बघत होते. "डाळ शिजेल काय रे त्यात?" आमच्याच जेवणाला.
पेच मी आवळले. बाबा आज चिंचेखाली गेले नाहीत. दारात बसले, तोंड भांड्याकडे. डाळीला किती मणी ते दोघांनाही माहीत नाही.
"म्हणत राहू," म्हणाले, आणि माळ काढली.