राजीवच्या नावाला अनुमोदन

क्वेकर्स हिल, सिडनी
रविवार, २७ जुलै २०२५

प्रिय फॅबियन,

तुला आणि लुर्डस वहिनींना नमस्कार, क्लोईला आशीर्वाद. क्लेटनचं घर लागलं का? तिकडची थंडी वहिनींच्या गुडघ्यांना झेपतेय ना? क्लोईला म्हणावं, युनिव्हर्सिटी जवळ आहे म्हणून रोज उशिरा उठू नकोस.

अक्षर बघून घाबरू नकोस. जाड मार्करने लिहितोय, बारीक पेनाची रेघ मला दिसत नाही. फोन करता आला असता, पण हा विषय निघाला की तू "बरं, जेवलास का?" म्हणतोस, मी "जेवलो" म्हणतो, आणि संपतं.

इकडे सगळं ठीक. मागच्या लिंबाच्या झाडाला यंदा इतकी फळं धरलीत की खाली पडून सडतात. न्यायला कुणी येत नाही. हृषिकेशचा पर्थहून फोन असतो. नातू "हाय आजोबा, बाय आजोबा" एका दमात म्हणून पळतो. डोळ्यांत इंजेक्शनं चालू आहेत. गंमत सांगू? समोरच्या माणसाचे कान दिसतात, केस दिसतात, मधला चेहरा तेवढा पुसलेला. गाडीचं लायसन्स परत दिलं. आता हॉस्पिटलला राजीव नेतो.

राजीवचं नाव काढलं की तू गप्प होणार, हे मला इथून दिसतंय. तरी पुढे वाच.

आपल्या मराठी परिवाराची निवडणूक सतरा ऑगस्टला आहे. अध्यक्षपदासाठी एका बाजूला राजीव आणि दुसऱ्या बाजूला शोभा. शोभा भली बाई आहे, पण तिला साधी सहल नीट आखता येत नाही, हे तुलाही माहीत आहे. राजीवने दोन वर्षांत शनिवारची मराठी शाळा उभी केली. तरुण पोरं यायला लागली. आता तो म्हणतोय, परिवाराचा स्वतःचा हॉल घेऊ. आणि तो घेईल. त्याच्यात ती धमक आहे.

पण त्याच्या भाषणात आणखी एक गोष्ट असते. "मराठी कोण, हे एकदा ठरवावं लागेल." नाताळचा मेळावा बंद, "ज्यांना हवा त्यांनी चर्चमध्ये करावा." नवीन सभासद कमिटी पारखून घेणार. हे त्याने ग्रुपवर लिहिलं त्या दिवशी तू एक अक्षर न लिहिता ग्रुप सोडलास. जो परिवार तू, मी, माझी लीना आणि वहिनींनी माझ्या गॅरेजमध्ये सुरू केला, त्याचा ग्रुप. क्लोईच्या युनिव्हर्सिटीसाठी तुम्ही मेलबर्नला गेलात, असं तू सगळ्यांना सांगतोस. मीही तेच सांगतो.

आता खरं काय ते लिहितो. आपल्याकडे उमेदवाराला सभेत उभं राहून अनुमोदन द्यावं लागतं. ते मी द्यावं, असं राजीव म्हणतोय. "काका, तुम्ही संस्थापक. तुम्ही उभे राहिलात की कुणी बोट दाखवणार नाही."

मी म्हटलं, विचार करतो.

तुला वाटेल, यात विचार कसला? फॅबियन, लीना गेली तेव्हा तू आईच्या आजारपणात वसईला होतास, तुला यायला जमणं शक्यच नव्हतं. हृषिकेश आठवड्याने परत गेला. त्यानंतर रोज सकाळी ऑफिसआधी राजीव यायचा. चहा करायचा, मला बळेच अंघोळीला पाठवायचा. लीनाच्या साड्यांचं कपाट मला उघडवत नव्हतं, ते त्याने आणि त्याच्या बायकोने आवरलं. डोळे गेल्यावर मायक्रोवेव्हच्या बटणांवर त्याने रबराचे उंच ठिपके चिकटवले, म्हणजे मला चाचपून कळावं. दर रविवारी जेवायला नेतो. हा माणूस वाईट आहे असं तू मला म्हणायला लावू नकोस, ते मला जमणार नाही.

तू एकदा स्पष्ट सांग. तू "नको" म्हणालास, तर मी त्याला नाही म्हणेन.

तुझा,
विलास


क्वेकर्स हिल
रविवार, ३१ ऑगस्ट २०२५

प्रिय फॅबियन,

तुम्ही सगळे बरे असाल. वहिनींनी पाठवलेला मसाला पोचला. डबा उघडल्यावर घरभर वास सुटला आणि बऱ्याच दिवसांनी मला भूक लागली. कांदा मात्र करपवला.

तुझ्या फोनवर मी नीट उत्तर दिलं नाही, रागावलो होतो. "तू मला विचारत नाहीयेस, विलास. तुला माझी परवानगी हवीय," असं तू म्हणालास. आणि वर, "माझ्यासाठी काही करू नकोस. तुला जे वाटतं ते कर." फोन ठेवल्यावर मी तुला मोठ्याने शिव्या घातल्या. मेलबर्नला लेकीजवळ बसून असं बोलायला काय जातं? चारपाच दिवस तुझ्याशी मनातल्या मनात भांडत होतो. राग गेला नव्हता, तरी एक कळत होतं की तू मला सुटायला जागा ठेवली नाहीस. तू नको म्हणाला असतास, तर राजीवला सांगायला सोपं गेलं असतं. फॅबियनला वाईट वाटेल म्हणून, असं सांगून मी मोकळा झालो असतो.

सतराला दुपारी राजीवच न्यायला आला. कडक इस्त्रीचा कुर्ता, अत्तर. रस्ताभर हॉलबद्दल बोलत होता. जागा बघून ठेवलीय, मागे मुलांना खेळायला मैदान आहे. म्हणाला, "काका, पहिला दिवा तुमच्या हातून." मी हं हं करत होतो. वेंटवर्थव्हिलला सभेच्या जागी पोचलो. त्याने गाडी लावली आणि इंजिन बंद केलं, तेव्हा मी म्हणालो, "राजीव, मी अनुमोदन देणार नाही."

तो हसला. त्याला वाटलं, मी स्टेजला घाबरतोय. "काका, दोनच वाक्यं. मी शेजारी उभा राहतो."

"तसं नाही रे. मला ते पटत नाही. मराठी कोण, हे तू ठरवणार?"

"फॅबियनकाकांनी सांगितलं का असं?"

"त्याने काहीच सांगितलं नाही."

"त्यांच्याबद्दल माझ्या मनात काहीही नाही. तत्त्वाचा प्रश्न आहे. आपली माणसं आपणच जपायची नाहीत, तर कोण जपणार?"

मी म्हटलं, "अरे, फॅबियन घरी त्याच्या आईशी जी मराठी बोलायचा, ती ऐकून लीना म्हणायची, आपली भाषा यांनी जास्त सांभाळलीय. तो आपला माणूस नाही, तर माझा तरी कशावरून आहेस तू?"

हे शेवटचं वाक्य नको होतं. तोंडातून गेलं.

त्याने सीटबेल्ट सोडल्याचा आवाज आला. चेहरा तर मला दिसत नाहीच. मग अगदी हळू म्हणाला, "काका, मी तुमच्यासाठी काय केलं नाही?"

"सगळं केलंस. माझ्या मुलाने केलं नाही ते केलंस. म्हणून तर हे गाडीत सांगतोय, आत सगळ्यांसमोर नाही."

तो उतरला. मला वाटलं, निघून गेला. पण फिरून माझ्या बाजूला आला, दार उघडलं, नेहमीसारखा हात पुढे केला. "पुढे पायरी आहे," म्हणाला. मला आतल्या खुर्चीपर्यंत नेऊन बसवलं आणि मग गेला.

अनुमोदन त्या तरुण पोरांपैकी सोहमने दिलं, छान बोलला. मग हात वर करून मतदान झालं. शोभाच्या नावाला मी हात वर केला. आणखी किती हात वर होते ते मला दिसलं नाही. शेजारची खुर्ची मात्र सरकली, ते ऐकू आलं. राजीव मोठ्या फरकाने निवडून आला. ढोल वाजले, पेढे वाटले. पेढा माझ्याही हातात कुणीतरी ठेवला, कुणी ते कळलं नाही.

घरी कसं जायचं, याचा मी विचारच केला नव्हता. शोभा कुणाच्या तरी गाडीने आधीच निघून गेली होती. कुणाला विचारायला संकोच वाटला, म्हणून स्टेशनपर्यंत चालत गेलो. पाटी वाचता येईना. एका मुलीला विचारलं, तर तिने मला ट्रेनमध्ये बसवून दिलं आणि "नो वरीज" म्हणून गेली. सभेनंतर माझ्याशी सरळ बोललेली ती एकटीच.

मी बरोबर केलं असं मला वाटतं. तुला बरं वाटावं म्हणून हे लिहीत नाहीये. उलट तुला आवडणार नाही ते आता लिहितो. मला राजीवची आठवण येते. तुझ्यापेक्षा जास्त येते. रविवारी बाराच्या सुमाराला गाडीचा आवाज आला की मी बूट घालायला उठतो, आणि ती शेजाऱ्यांची असते. आजही उठलो. पुढच्या इंजेक्शनसाठी हॉस्पिटलची गाडी येणार आहे, मी फोन करून ठरवलंय. इंजेक्शन झाल्यावर ड्रायव्हर मला दारात सोडेल. पुढे घरात मी आणि बंद डोळा.

परवा किराण्याच्या दुकानात राजीव भेटला. आवाजावरून ओळखलं. माझी पिशवी टॅक्सीत ठेवली. "डोळे कसे आहेत?" म्हणाला. "बरे आहेत." "काळजी घ्या." बस, एवढंच. काका म्हणाला नाही. तो दुष्ट असता तर किती बरं झालं असतं, फॅबियन. मी त्याला थांबवून म्हणणार होतो की जेवायला ये, मत दिलं नाही म्हणून काय झालं. पण तो मत बदलणार नाही आणि मीही बदलणार नाही. जेवताना बोलायचं काय, हे मला सुचेना. तोवर तो गेलाही होता.

हृषिकेशला हे काही सांगितलेलं नाही. तो म्हणेल, "बाबा, इट्स जस्ट अ क्लब."

तुझ्याकडे येऊ का, हे विचारायला हे पत्र लिहायला घेतलं होतं आणि इथवर टाळत आलो. थोडे दिवस. विमानतळावर ते हात धरून नेतात म्हणे, तेवढं मी सांभाळेन. सोफ्यावर झोपेन. परिवाराबद्दल बोलायलाच हवं असं नाही. वहिनींशी तुझ्या त्या वसईच्या बोलीत भांडत बस, मी नुसता ऐकत बसेन.

नाही म्हणायचं असेल तर फोनवर म्हण, लिहू नकोस. पत्र वाचून दाखवायला आता इथे कुणी नाही.

तुझ्या होकाराची वाट पाहणारा,
विलास