हिग्जमध्ये मिसळलेलं कोणीतरी आणि माझं व्याख्यान

२ सप्टेंबर
महाराष्ट्र मंडळाच्या आनंदरावांचा फोन. गणेशोत्सवात माझ्या नातीचं, तनयाचं, तिच्या संशोधनावर व्याख्यान हवंय म्हणे. मी साफ नाही म्हटलं. पोरगी जयपूरला वाढली, दर वाक्याला 'मतलब'. लोक हसतील. मी बोलेन. कॉन्व्हेंटात फिजिक्सला पहिली होते.
तनया म्हणाली, 'आजी, विषय माझा आहे ना?' म्हटलं, विषय तुझा, भाषा माझी. पुन्हा लॅपटॉपमध्ये डोकं घातलं. पटलं असावं.

५ सप्टेंबर
तनयाच्या संशोधनातला तो कण, हिग्ज बोसॉन, वीस मिनिटांत समजला. जगात काही लपलेले कण असू शकतात, प्रकाशाला दाद न देणारे. हिग्ज त्यांच्यातल्या एकात थोडा मिसळलेला असू शकतो. एवढंच! तनया पुढचं सांगायला लागली. तिला मध्येमध्ये बोलू नको म्हटलं.

९ सप्टेंबर
अकरा पानं तयार. मराठीच, फक्त लिपी रोमन. त्यात हात भरभर चालतो. कोणाला कळायचं कारण नाही.

११ सप्टेंबर
तनयाने माझ्या पर्समध्ये एक वही सरकवली. उघडली नाही. आयत्या वेळी सूचना नकोत.

१३ सप्टेंबर
काल व्याख्यान झालं. माईक भिकार होता. पंखाही.
आनंदरावांनी विचारलं, 'सुलोचनाताई, दिसतच नाही, तर मिसळलंय हे कळणार कसं?' म्हटलं, प्रश्न बालिश आहे. ते म्हणाले, 'असू दे, उत्तर द्या.' हशा. अकरावं पान उलटलं. मागे कोरं.
मग मागच्या रांगेतून तनया उठली. 'मतलब, हिग्ज तुटतो तेव्हा काय काय निघतं ते आम्ही मोजतो. तो मिसळलेला असेल तर सगळंच थोडं कमी सापडेल. कधी तर काहीच दिसणार नाही, फक्त काहीतरी निसटलं एवढं कळेल. अजून तसं मिळालं नाही. मतलब, शोधतोय.'
दोन वेळा 'मतलब'. मी मोजले. हसलं कोणीच नाही.
आनंदराव मला म्हणाले, 'हिला का हो लपवून ठेवलंत?'

१४ सप्टेंबर
चष्मा शोधताना ती वही सापडली. माझी अकराच्या अकरा पानं, देवनागरीत, मोठ्या अक्षरात. बारावं पान तिचं: 'आजी, कोणीतरी विचारेल, कळणार कसं?' खाली उत्तर. सोपं, चार ओळींचं.
तिच्या खोलीच्या दारात गेले. परतीची बॅग भरत होती. सॉरी म्हणायचंच, असं ठरवून गेले होते.
म्हणाले, 'अक्षर जरा नीट काढत जा.'
अक्षर सुरेख आहे.